वन्संनी बसवलेले चार दात

माझ्या नणंदेने, म्हणजे आमच्या वन्संनी, आयुष्यभर लोकांच्या कवळ्या बनवल्या. दातांचे डॉक्टर वेगळे. ते तोंड बघतात, माप घेतात आणि जबड्याचा साचा डबीत घालून पाठवून देतात. पुढचं सगळं वन्संच्या मागच्या खोलीत व्हायचं. खिडकीखाली लांब बाक, त्यावर स्पिरिटचा दिवा, मेणाची वाटी, बोटाएवढं बारीक ड्रिल, आणि सगळ्यावर प्लास्टरची पांढरी धूळ. भिंतीवरच्या फळ्यांवर जबडेच जबडे. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या जबड्याची एक प्रत ठेवायची त्यांची पद्धत होती. त्यावर पेन्सिलीने आडनाव लिहिलेलं असे. नवीन माणूस खोलीत आला की दारातच थबकायचा.

"घाबरू नका," वन्सं म्हणायच्या, "सगळी आपल्या गल्लीतलीच माणसं आहेत. तोंडं तेवढी उघडी आहेत."

सगळ्यात खालच्या फळीवरचे जबडे मात्र गल्लीतले नव्हते. ते समुद्रातल्या जनावरांचे होते, कोट्यवधी वर्षांपूर्वी मेलेल्या आणि दगड झालेल्या. आमच्या किनाऱ्याला उभा कडा आहे. चिकणमाती आणि चुनखडीचे थर एकावर एक बसलेत. दर हिवाळ्यात कडा थोडा थोडा ढासळतो आणि आतलं बाहेर येतं. गोल वळलेले शंख तर पोरंसोरंही वेचतात. हाडं क्वचित मिळतात, आणि दात असलेलं हाड त्याहून क्वचित. वन्सं सव्वीस वर्षांच्या असताना एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाला कवळी पोचवून कड्याखालून परत येत होत्या. वाळूत एक काळा तुकडा दिसला. दुसऱ्या कुणाला तो खडा वाटला असता. यांनी उचलला, अंगठ्याने पुसला आणि जागच्या जागी म्हणाल्या, "हा तर सुळा आहे." पुढे एकेचाळीस वर्षं त्यांनी एक चांगली ओहोटी वाया घालवली नाही.

मी त्यांच्याबरोबर जायला लागले ते माझे यजमान गेल्यावर. तिसऱ्या आठवड्यात वन्सं सकाळी दारात उभ्या होत्या. एका हातात हातोडा, दुसऱ्या हातात माझ्या यजमानांचे, म्हणजे त्यांच्या भावाचे, रबरी बूट.

"तुला मोठे होतील. दोन मोजे घाल."

"वन्सं, मला त्यातलं काही कळत नाही हो."

"वही लिहिता येते ना? मग चल. मी काय कुठे सापडलं ते विसरते."

तेव्हापासून मी वही लिहिते. तारीख, ओहोटीची वेळ, वारा, ओढ्यापासून किती पावलं, कुठल्या थरात, आणि काय मिळालं. बहुतेक दिवशी शेवटच्या रकान्यात 'काही नाही' असतं.

किनाऱ्यावर आमच्याशिवाय नेमाने येणारा एकच माणूस होता. त्यांना सगळे कप्तान म्हणत. त्यांनी जन्मभर शहर बस चालवली, आणि होडीत पाय ठेवला की त्यांना उलटी होई. डोक्यावर नाविकाची टोपी घालत म्हणून कप्तान. तोंडात एक दात नव्हता, आणि वन्संकडून कवळी करून घ्यायला त्यांनी पंधरा वर्षं साफ नकार दिला होता.

"डॉक्टरीणबाई," ते म्हणायचे, "तुमची कवळी घातली की मला तुमच्याशी गोड बोलावं लागेल. परवडणार नाही."

"न घालता जे बोलता ते तरी कुठे समजतं?" वन्सं म्हणायच्या.

दोघांत भांडण कधी झालं नाही, कारण दोघं एक नियम पाळत. मोठा दगड दिसला आणि लगेच उचलता आला नाही, तर त्यावर खडूने आपली खूण करायची. कप्तानची खूण गोल, वन्संची फुली. ज्याची खूण त्याचा दगड. पण भरतीचं पाणी वरून गेलं आणि खडू धुतला गेला, की हक्क संपला. मग ज्याला आधी मिळेल त्याचा. हा नियम कुठे लिहिलेला नाही. पण खुणेच्या दगडाला दुसऱ्याने हात लावल्याचं मी तरी पाहिलं नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात ओढ्याच्या पुढे, तांबूस गंजासारख्या थराच्या खाली, वन्संना तो जबडा सापडला. लांब मानेच्या समुद्री प्राण्याचा, खालचा, डावीकडचा. माझ्या कोपरापासून मनगटापर्यंत भरेल एवढा, मागच्या बाजूने तुटलेला. घरी येईपर्यंत त्या तो शालीत गुंडाळून पोटाशी धरून होत्या.

चौदा महिने त्या त्यावरचा दगड काढत होत्या. कवळीचं ड्रिल, सुया, ब्रश. दिवसाकाठी नखाएवढी जागा मोकळी व्हायची. दातांच्या नऊ जागा निघाल्या. पाचांत दात होते, चार रिकाम्या. साफ झाल्यावर रिवाजाप्रमाणे त्यांनी प्लास्टरची प्रत काढली आणि फळीवर ठेवली. इथवर सगळं ठीक होतं.

एक दिवस मी गेले तर वन्सं मेणाचा छोटा सुळा तिरका करून बघत होत्या.

"वन्सं, हे काय?"

"मधली भोकं बरी दिसत नाहीत गं."

"पण तो मेलाय."

"माझी निम्मी गिऱ्हाइकं मेलीत. म्हणून काय त्यांचे दात परत मागू?"

आणि त्यांनी चार दात बनवले. रंग जुळवायला अकरा नमुने केले. सुळ्यावरच्या बारीक उभ्या रेषासुद्धा सुईने ओढल्या. बसवल्यावर सबंध जबड्यावर, खऱ्या-खोट्या सगळ्या दातांवर, लाखेचा पातळ हात फिरवला. कवळीला शेवटी चकाकी द्यावी लागते. हाताला सवय. मला त्यात काही वावगं वाटलं नाही हे कबूल करते. मला तर ते चार दात बाकीच्यांपेक्षा सुबक वाटले.

मग तो जबडा शहराच्या संग्रहालयाला द्यायचं ठरलं. वन्संच्या एकेचाळीस वर्षांत संग्रहालयाने त्यांची एकही वस्तू घेतलेली नव्हती; शंख संग्रहालयाकडे आधीच पोत्यांनी होते. हा जबडा काचेच्या कपाटात बसावा, एवढी एकच हौस त्या बोलून दाखवत.

संग्रहालयात जीवाश्मांचं खातं सांभाळणारी मुलगी तिशीची असेल. हुशार, नम्र आणि कडक. तिने जबडा भिंगाखाली बराच वेळ पाहिला. मग खिडक्यांचे पडदे ओढून एक जांभळा दिवा लावला. "खरा दगड या दिव्यात मंद दिसतो, डिंक आणि प्लॅस्टिक चमकतं," ती म्हणाली.

सगळा जबडा चमकला. नऊच्या नऊ दात निळेशार.

वन्सं घाईने म्हणाल्या, "ती वरची लाख आहे. चारच माझे आहेत. हा, हा आणि ते दोन."

"तुम्ही सांगताय म्हणून चार," मुलगी म्हणाली. "मावशी, रागावू नका. हे चार इतके चांगले आहेत की उरलेले पाचही तुम्ही करू शकाल. हाडही करू शकाल."

"लाख पुसते ना मी."

"पुसल्यावर हात तुमचाच लागला असं समिती म्हणेल. सोमवारी बैठक आहे. याचा उरलेला भाग कड्यातून मिळाला, तुटलेल्या कडेला नेमका बसला, तर कुणी काही बोलणार नाही. नाही तर नोंदवहीत 'बनावट' लिहून परत पाठवावा लागेल."

त्या दिवशी शुक्रवार होता. जबडा तिथेच कुलपात राहिला. जिन्यावर वन्सं एकदाच थांबल्या. "वहिनी," त्या म्हणाल्या, "मी आयुष्यात खोटे दातच केले. पण कुणाला खरे म्हणून विकले नाहीत."

मी वही उघडली. शनिवारी ओहोटी नऊ दहाला, रविवारी नऊ पन्नासला, दोन्ही महिन्यातल्या सगळ्यात मोठ्या. दोन सकाळी. मला खरं तर भीती वाटायला हवी होती. पण माझ्या पायांत कुणी चावी भरल्यासारखं झालं होतं.

शनिवारची सकाळ माझ्या वहीने खाल्ली. त्यात स्पष्ट लिहिलं होतं: ओढ्यापासून एकशे बारा पावलं. मी दोनदा मोजली, वन्संनी खणलं, नुसती माती. पाणी वर यायला लागलं तेव्हा कप्तान लांबून हसत आले.

"डॉक्टरीणबाई, बटाटे लावताय का?"

"ओढ्यापासून एकशे बारा," मी वही दाखवली.

"कुठल्या ओढ्यापासून? या हिवाळ्यात त्याने तोंड फिरवलं. चाळीस पावलं इकडे सरकलाय. कडाही खाली आलाय तिकडे." त्यांनी हातोड्याने दाखवलं. तिथे दोन मजली घराएवढा ढिगारा पडलेला होता.

अकरा वर्षांत पहिल्यांदाच माझी वही चुकली होती. मी वन्संकडे बघेना. त्या मात्र ढिगाऱ्याकडे बघत होत्या, आणि त्यांचा चेहरा उजळत चालला होता.

"वहिनी, म्हणजे तो आत नाहीच. बाहेर पडलाय. खणायचं नाही, नुसतं शोधायचंय."

रविवारी आम्ही आठलाच ढिगाऱ्यापाशी होतो. वन्संनी पिशवीतून जबड्याची प्लास्टरची प्रत काढली. चार भोकांसकट, दात बसवण्याआधीची. मी ढिगाऱ्यातले गंजाच्या रंगाची रेघ असलेले दगड शोधायचे आणि त्यांनी रेघेखाली बघायचं, अशी वाटणी झाली. खरंच सांगते, इतकी मजा मला कित्येक वर्षांत आली नव्हती. दोन म्हाताऱ्या शेरडांसारख्या दगडांवरून उड्या मारत होतो. "इकडे रेघ." "शिंपले. पुढचा." "इकडे." "लाकूड दिसतंय. पुढचा." कोपर खरचटलं ते घरी गेल्यावर कळलं. नऊ पन्नास झाले, पाणी होतं तिथे थांबलं, आणि मग वळलं. मी घड्याळाकडे बघायचं सोडून दिलं.

साडेदहाच्या सुमाराला ढिगाऱ्याच्या पायथ्याशी मला ट्रंकेएवढा एक दगड दिसला. रेघ होती. रेघेखाली काळपट, चकचकीत, बदामासारखा एक डाग होता.

"वन्सं," मी म्हणाले.

त्या गुडघ्यांवर बसल्या. बोटाने चाचपलं. प्रतीची तुटलेली बाजू त्या डागाशी नेली, किंचित फिरवली आणि सोडली. ती पडली नाही. चिकटवल्यासारखी बसली. तुटलेल्या कडेला दहाव्या दाताची अर्धी खोबण प्रतीत होती, उरलेली अर्धी दगडात, आणि त्यात दाताचं मूळ.

मी नुसती त्यांची पाठ थोपटत होते, एखादं मूल जिना उतरून आल्यावर थोपटतात तशी. आणि तेवढ्यात मला दगडाच्या वरच्या अंगाला खडूचं गोल दिसलं.

"कप्तानचा आहे," मी म्हणाले.

वन्संनी हात मागे घेतला. दगडाच्या दर्शनी बाजूला ताटाएवढा एक शंख अर्धा बाहेर आलेला होता. आम्ही ढिगाऱ्याच्या पलीकडच्या अंगाला असताना कप्तानांनी तो बघून खूण केली असणार आणि गाडा आणायला गेले असणार.

"अहो, उचला ना. फोडा. कोण बघतंय?"

"आज मी त्याचा उचलला तर उद्या तो माझा उचलेल," वन्सं म्हणाल्या. "आणि त्याला माझ्यापेक्षा जास्त मिळतात."

"भरती आली की खडू जाईलच."

"खडूबरोबर दगडही जाईल. बघ खाली." दगड ओल्या मातीच्या उतारावर तिरका टेकला होता. लाटा पंधरा पावलांवर होत्या. "तू जा, त्याला बोलावून आण. मी बसते."

वरच्या रस्त्यापर्यंत एकशे त्रेचाळीस पायऱ्या आहेत. एरवी मी तीनदा थांबते. त्या दिवशी एकदाच थांबले, तेही बूट निघाला म्हणून. कप्तान घराच्या ओट्यावर चहात पाव बुडवत बसले होते. गाड्याचं चाक पंक्चर होतं. मी धापा टाकत सगळं सांगितलं: दिवा, समिती, सोमवार, दगड.

त्यांनी कप खाली ठेवला. "बनावट? आपल्या डॉक्टरीणबाईंच्या जबड्याला म्हणाले?"

"हो."

"मी त्यांना चेष्टेने काही म्हणतो ती गोष्ट वेगळी," कप्तान म्हणाले आणि पहार घेऊन उठले.

आम्ही पोचलो तेव्हा पाणी वन्संच्या बुटांना लागलं होतं. त्या दगडाला पाठ लावून बसल्या होत्या, जणू त्यांच्याच आधाराने तो उभा होता.

"तिघांनी उचलू," मी म्हणाले. तिघांनी हात लावला. दगड हललासुद्धा नाही.

कप्तानांनी वाकून सगळ्या बाजूंनी पाहिलं. बोट एका बारीक चिरेवरून फिरवलं. चीर सरळ शंखाच्या मधून जात होती. "इथूनच फुटेल," ते हळू म्हणाले. "दुसरीकडून फोडलं तर हाडाचा चुरा."

"मग नको," वन्सं म्हणाल्या. "शंख तुमचा आहे. एवढा मोठा तुम्हाला कधी मिळाला नव्हता."

"नव्हता."

"मग राहू दे. मी समितीला सांगेन काय सांगायचं ते."

"ते हाड तुमच्या जबड्याचं आहे हे नक्की? नंतर शेळीचं निघालं तर मी तुमच्या दारात येऊन बसेन."

वन्संनी प्रत पुन्हा लावून दाखवली. कप्तानांनी ती धरून हलवून बघितली. एक लाट आली आणि आमच्या पोटऱ्या भिजवून गेली. त्यांनी टोपी काढून माझ्या हातात दिली, पहारेचं टोक चिरेवर ठेवलं आणि वन्संना म्हणाले, "हातोडा तुम्ही मारा. माझ्याच्याने नाही व्हायचं."

तीन घाव. तिसऱ्याला दगड पावासारखा उघडला. शंखाचे दोन तुकडे झाले. मागच्या भागात, ओल्या काळ्या दगडात, टीचभर जबडा आणि त्यात तीन दात ओळीने उभे होते. त्यांना कुणाचाच हात लागला नव्हता.

मग पळापळ. वन्संच्या पोटाशी जबड्याचा दगड, कप्तानांच्या दोन्ही बगलांत शंखाचे अर्धे, माझ्या डोक्यावर टोपी आणि हातात पहार. पायऱ्यांपाशी पोचेपर्यंत कंबरेपर्यंत भिजलो होतो आणि तिघेही खुळ्यासारखे हसत होतो. कशाला हसत होतो ते मला वहीत लिहिता आलेलं नाही.

सोमवारी संग्रहालयातल्या मुलीने दोन्ही तुटलेल्या बाजू एकमेकींना लावल्या. खटकन आवाज आला. तिने दिवा लावला; नवा तुकडा मंद, काळसर. तिने भिंग ठेवून दिलं आणि तिच्या कडकपणातून पहिल्यांदा हसू फुटलं. "हा इथे राहणार," ती म्हणाली. "फक्त ते चार दात काढावे लागतील, आणि लाखही."

"मीच काढते," वन्सं म्हणाल्या. ड्रिल त्यांनी बरोबर आणलंच होतं. टेबलाशी बसून एकेक दात मोकळा करायला त्यांना अर्धा तास लागला. "बसवलेले दात काढायची पहिलीच वेळ," त्या पुटपुटल्या. चौथा निघाल्यावर त्यांनी भोकांकडे पाहून नापसंतीने मान हलवली. मुलीने कार्ड लिहायला घेतलं. शोधणाऱ्याचं नाव विचारल्यावर वन्संनी आपलं सांगितलं, मग थोडं थांबून दुसऱ्या ओळीत कप्तानांचं लिहायला लावलं. "माझं नाव त्यांच्या नावाच्या वर आहे, एवढं दिसलं पाहिजे," त्या म्हणाल्या.

मंगळवारी ओहोटी अकरा पाचला होती. ढिगाऱ्यात जबड्याचा आणखी भाग असणार, कदाचित कवटीसुद्धा, म्हणून आम्ही साडेनऊलाच गेलो. लांबूनच मला काहीतरी विचित्र दिसलं. ढिगारा पांढऱ्या ठिपक्यांनी भरला होता. जवळ गेलो तर रेघ असलेल्या एकूण एक दगडावर खडूचं गोल होतं. मध्ये कप्तान हाताची घडी घालून उभे.

"हे नियमात बसतं का?" वन्संनी विचारलं.

"भरतीपर्यंत बसतं. कार्डावर माझं नाव दुसऱ्या ओळीत आहे असं ऐकलं. पुढच्या कार्डावर पहिल्या ओळीत हवंय."

वन्संनी ढिगाऱ्यावरून एकदा नजर फिरवली. एवढे दगड एका माणसाला एका ओहोटीत उलटता येणार नव्हते. त्यांनी पिशवी खाली ठेवली, गोलाची खूण असलेलाच एक सपाट दगड निवडला आणि त्यावर ऐसपैस बसल्या.

"वहिनी, पूर्ण भरती किती वाजता?"

"पाच वाजून पंधरा मिनिटं."

"आणि उजेडातली पुढची ओहोटी?"

"उद्या सकाळी अकरा पन्नास."

"लिहून ठेव," वन्सं म्हणाल्या. "आणि खडूचं नवं खोकं घेऊन ये."